पुळणीवरची सुट्टी

पाहुणा आला की चहा संपायच्या आत विचारतो, "काका, इथं बघण्यासारखं काय काय आहे?" आमच्या दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर हा प्रश्न तसा नवा. माझ्या लहानपणी इथं बघायला कोणी येत नसे. त्याआधीची माणसं आली ती लढायला, नाहीतर पोट भरायला.

लढायला आले त्यांची खूण हर्णैच्या पाण्यात उभी आहे. सुवर्णदुर्ग. १७५५ च्या एप्रिलात इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला आणि किनाऱ्यावरून त्याला साथ होती पेशव्यांच्या फौजेची. आपल्याच आरमाराची ताकद आपणच कमी केली, हे मला आजही पटत नाही. असो. होडीने जरूर जा. दरवाजाच्या पायरीवर कासव कोरलंय, भिंतीवर मारुती. बरेच जण फोटो काढायच्या नादात कासवावर पाय देऊन पुढं जातात.

सुट्टी हा शब्द आमच्याकडे आणला चाकरमान्यांनी. तेव्हा मुंबईहून बोट यायची. ती हर्णैला खोल पाण्यात थांबे आणि माणसं, ट्रंका, पोरंबाळं पडावातून किनाऱ्याला उतरत. पावसाळ्यात बोट बंद. म्हणून खरी गर्दी मे महिन्यात. पण ती सुट्टी आरामाची नव्हती हो! आल्या दिवसापासून कामाला जुंपलेली. आंबे उतरवायचे, फणसाची साठं घालायची, पावसाआधी लाकडं भरायची, कौलं परतायची. कोकम फोडायला सगळं घर पडवीत बसे. सालं रसात भिजवायची, वाळवायची, परत भिजवायची. आमसूल काळं होईपर्यंत हेच. संध्याकाळी हात लालभडक करून पोरं पुळणीवर पळायची, तेवढीच काय ती मजा. जाताना प्रत्येकाच्या ट्रंकेत आमसुलांची पुरचुंडी. १९८२ च्या गिरणी संपानंतर काहीजण परत आले ते कायमचेच. सुट्टी तिथंच संपली.

पुढं रस्ते झाले, बोटी बंद पडल्या, आणि नात्यागोत्यात नसलेली माणसं गाड्या घेऊन यायला लागली. पैसे देऊन कोणी आपल्या घरात झोपेल, हे माझ्या आईला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. आलेल्याला ती नारळ द्यायची आणि पैसे घ्यायला लाजायची. आम्हीही दोन खोल्या काढल्या, पण जोडधंदा म्हणूनच. पोट भरायची ती वाडी. नारळ आणि पोफळी.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धनच्या बाजूला ते जमिनीवर चढलं, पण आमच्या दापोली-मंडणगडला त्यानं सोडलं नाही. पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. माझ्या आज्यानं लावलेले माड मुळासकट आडवे झाले. ते हटवायलाच पावसाळा गेला. माड उभा करायला सहा-सात वर्षं लागतात, आणि मी तेव्हा साठीला टेकलेलो. किनाऱ्याची जागा विकत मागायला माणसं त्याच वर्षी यायला लागली. काहींनी दिली. त्यांना दोष देत नाही, घरात पोरीचं लग्न असलं की माणूस काय करणार? आम्ही दिली नाही, कारण दोन खोल्या होत्या. जोडधंद्यानं मूळ धंदा सांभाळला.

म्हणून आता पाहुण्याला नीट उत्तर देतो. दुपारनंतर हर्णै बंदरावर जा, मासळीचा लिलाव बघा. बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी आणताना दिसतील. मात्र १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सुरमई मागू नका. फेब्रुवारी ते एप्रिलात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जा. नाना फडणवीसांचं हे गाव आता कासवांमुळे जास्त माहीत आहे. पूर्वी तिथं अंडी उकरून खाल्ली जात; २००२ पासून राखली जातात. पिल्लं समुद्राकडे जाताना पुढं धावू नका, पायाखाली येतात. आणि गाडी पुळणीवर घालू नका. भरती आली की ती काढायला मग आमचे बैलच लागतात.

कोकम फोडायचं असेल तर मेमध्ये या, पडवीत जागा आहे. मुंबईची पोरं हल्ली हौसेनं बसतात, आया कपड्यांवरून ओरडतात. डाग जात नाही हे खरं. वाडी शिंपायला यायचं असेल तर मात्र सातच्या आत उठा. नवे माड कमरेच्या वर गेलेत, आळी भरायला दोन नळ्या लागतात, आणि आठला पंप बंद होतो.