मुक्तस्रोत आज्ञावली व व्यवसायसंस्था

ज्या संगणकीय आज्ञावलीची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता व पुन्हा वितरित करता येते, तिला मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांनी अशा आज्ञावलीवर आपले अभियंते व पैसा खर्च करावा, ही गोष्ट वरवर विसंगत वाटते. तिची कारणे संगणक-व्यवसायाच्या इतिहासात आढळतात.

आरंभी यंत्र हाच विक्रीचा माल होता. आज्ञावली त्याबरोबरच मिळे. एकच काम प्रत्येकाने वेगळे करू नये म्हणून आयबीएमच्या संगणकांचे वापरकर्ते १९५५ मध्ये ‘शेअर’ या संघटनेत एकत्र आले व आपल्या आज्ञावलींची देवाणघेवाण करू लागले. १९६९ मध्ये आयबीएमने आज्ञावलींची किंमत वेगळी आकारण्याचे जाहीर केले. पुढे संहिता गुप्त राखण्याची प्रथा रूढ झाली. तिला विरोध म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्याच्या १९८९ च्या सार्वजनिक परवान्यानुसार सुधारित आज्ञावली वितरित करणाऱ्याने तिची संहिताही त्याच शर्तींवर देणे बंधनकारक ठरले. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लिनक्स या परिचालन प्रणालीच्या गाभ्याला १९९२ मध्ये हाच परवाना लागू झाला. त्यामुळे एका संस्थेने दिलेली भर प्रतिस्पर्ध्याला गिळंकृत करता येईना, आणि सहभागाची भीती कमी झाली.

२००१ या वर्षात लिनक्सवर सु. १ अब्ज डॉलर खर्च करण्याचा मनोदय आयबीएमने २००० मध्ये जाहीर केला. तिचे उत्पन्न यंत्रे व सेवा यांतून येई. आपल्या विविध यंत्रांवर चालणारी सामाईक प्रणाली तिला हितावह होती. मायक्रोसॉफ्टनेही २००९ मध्ये लिनक्सला सु. २०,००० ओळींची संहिता दिली. लिनक्स आपल्या आभासी यंत्रांवर सुरळीत चालावे, हा तिचा हेतू होता. याखेरीज एक व्यावहारिक कारणही असते. स्वतःपुरता केलेला बदल मूळ प्रकल्पात समाविष्ट झाला नाही, तर प्रत्येक नव्या आवृत्तीत तो पुन्हा बसवावा लागतो. समाविष्ट झाल्यास त्याच्या देखभालीचा भार विभागला जातो. ज्या भागावर स्पर्धा अवलंबून नसते, त्याचा खर्च वाटून घेणे सर्वांच्याच सोयीचे ठरते.

तथापि हा सहभाग सर्वत्र सारखा नसतो. महाजालावरील संदेश सुरक्षित राखणारी ओपनएसएसएल ही आज्ञावली असंख्य संस्था वापरीत. परंतु तिची देखभाल मोजकेच लोक करीत आणि तिला वर्षाकाठी सु. २,००० डॉलर एवढ्याच देणग्या मिळत. तिच्यातील सु. दोन वर्षे दडून राहिलेला ‘हार्टब्लीड’ हा दोष एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. त्यानंतरच लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने गूगल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट इ. कंपन्यांनी अशा पायाभूत प्रकल्पांसाठी निधी उभारला. व्यावसायिक हित हे सहभागाचे बळ आहे, तसेच ती त्याची मर्यादाही आहे : जेथे लाभ प्रत्यक्ष दिसत नाही, तेथे सर्वांच्या उपयोगाची वस्तू कोणाचीच जबाबदारी राहत नाही.