आपल्या जागी बसलेला

‘डमी’ हा शब्द आपल्याला परीक्षेच्या आणि निवडणुकीच्या बातम्यांतून चांगला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या नावावर पेपर लिहायला बसतो तो डमी. मुख्य उमेदवाराचा अर्ज बाद झालाच तर हाताशी असावा म्हणून पक्ष ज्याला अर्ज भरायला लावतो, तोही डमी. मोटारीच्या क्रॅश टेस्टमध्ये स्टिअरिंगमागे बसवतात त्या पुतळ्यालाही डमीच म्हणतात आणि अर्थही तोच आहे, दुसऱ्याच्या जागी बसलेला. ती जागा आपली असते आणि आपल्या वाट्याचा मार तो खातो.

हल्ली गाडीच्या जाहिरातीत मायलेजच्या शेजारी ‘फाइव्ह स्टार’ हे शब्द येऊन बसले आहेत. शोरूममध्येही ते पहिल्या पाच मिनिटांत ऐकवले जातात. त्या ताऱ्यांमागे या पुतळ्याचं केवढं कूळ उभं आहे, ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून ही कुळकथा.

आधी त्याला जवळून पाहू. समोरच्या टकरीच्या चाचणीत जगभर सर्वांत जास्त वापरला गेलेला पुतळा म्हणजे ‘हायब्रिड थ्री’. उंची पावणेसहा फुटांच्या आत-बाहेर, वजन ७८ किलो. अंगावर व्हिनाइलची कातडी. छातीत पोलादाच्या सहा फासळ्या. मान म्हणजे रबर आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्यांची उतरंड आणि तिच्या मधून ओवलेली तार. डोक्यात, छातीत, मांड्यांत संवेदक बसवलेले. चाचणीआधी त्याचं डोकं काढून ठरलेल्या उंचीवरून पोलादी पाटावर टाकून पाहतात, मान लंबकाला लावून आपटून पाहतात. माप चुकलं की तो भाग बदलायचा. त्याला एकवीस अंशांच्या आसपास तापमानात ठेवावं लागतं, कारण गारठ्याने किंवा उकाड्याने छातीचा ताठपणा बदलतो. मग गाडीत बसवून, बेल्ट लावून, कपाळाला, नाकाला, गुडघ्यांना ओला रंग फासतात. प्रत्येक अवयवाचा रंग वेगळा. टकरीनंतर डॅशबोर्डखाली एखादा रंगाचा डाग दिसला की गुडघा तिथे आपटला हे कळतं. हळद लावलेल्या नवऱ्या मुलासारखा तो निमूट बसून असतो.

मग गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने एका ठोकळ्यावर जाऊन आदळते. ठोकळ्याचं तोंड मधाच्या पोळ्यासारख्या अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि गाडीच्या रुंदीचा चाळीस टक्के भागच त्याच्यावर येतो, कारण रस्त्यावर समोरासमोरच्या टकरी बहुधा अशाच अर्धवट होतात. सगळं नाट्य सेकंदाच्या सातव्या-आठव्या हिश्श्यात आटोपतं. आपल्या भाषेत त्याला शब्द आहे, निमिष. पापणी लवण्याचा काळ. वेग किती, तर पाचव्या मजल्यावरून पडलेली वस्तू जमिनीला टेकते तेवढा.

आता कूळ. हायब्रिड थ्री १९७६ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने तयार केला. ‘हायब्रिड’ म्हणजे संकरित, आणि ते नाव शब्दशः खरं आहे. अल्डरसन आणि सिएरा या दोन कंपन्यांचे पुतळे एकमेकांशी स्पर्धा करत होते. एकाचं हे चांगलं, दुसऱ्याचं ते चांगलं. दोहोंतलं चांगलं घेऊन १९७१ साली पहिला हायब्रिड झाला. त्याच्याही मागे गेलं की या घराण्याचा मूळ पुरुष भेटतो, ‘सिएरा सॅम’, जन्म १९४९. सॅमचा मोटारीशी काही संबंध नव्हता. लढाऊ विमानातून वैमानिकाला खुर्चीसकट बाहेर फेकणाऱ्या इजेक्शन सीटची चाचणी घ्यायला अमेरिकी हवाई दलाला जिवंत माणसाऐवजी कुणीतरी हवं होतं. म्हणजे डमीचं आजोळ विमानाचं.

आणि गंमत अशी की सीट बेल्टचं आजोळही तेच. तीन ठिकाणी बांधलेला, खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा जो पट्टा आज प्रत्येक गाडीत आहे, तो १९५९ साली व्होल्व्होच्या निल्स बोलिन यांनी बसवला. व्होल्व्होत येण्याआधी ते साब कंपनीत इजेक्शन सीटच बनवत होते. वैमानिकाला चार-पाच पट्ट्यांनी बांधता येतं, पण बाजारात निघालेल्या माणसाला एका हाताने, एका झटक्यात लावता आला नाही तर तो बेल्ट लावणारच नाही, हे त्यांनी ओळखलं. व्होल्व्होने ते पेटंट सगळ्यांना खुलं केलं. मोटारीच्या इतिहासात याच्याइतका मोठा मनाचा निर्णय मला दुसरा दिसत नाही.

सॅमला दुखत नव्हतं, ही त्याची सोय होती आणि उणीवही. फासळी किती दाबली की मोडते, डोक्याला किती दणका बसला की मेंदू हलतो, हे पुतळ्याला कोण सांगणार? ते आकडे आधी माणसाच्या शरीरातूनच काढावे लागले. या घराण्याचे खरे पूर्वज पुतळे नव्हेत, माणसं आहेत.

पहिला ह्यू डीहेवन. १९१७ साली टेक्सासमध्ये वैमानिकाचं शिक्षण घेताना त्याच्या विमानाची हवेतच दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली. तो एकटा वाचला, पण आतले अवयव फाटले. दवाखान्यात पडल्या पडल्या त्याने हिशेब मांडला. विमान कोसळल्याने जेवढी इजा झाली नसती तेवढी पट्ट्याच्या टोकदार बकलाने केली होती. हा विचार त्याने आयुष्यभर सोडला नाही. उंचावरून पडूनही वाचलेल्या माणसांची माहिती तो गोळा करत राहिला. घरच्या स्वयंपाकघरात जाड रबरावर अंडी टाकून पाहत राहिला. १९४२ साली पन्नास ते दीडशे फुटांवरून पडून जगलेल्यांवरचा त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचं म्हणणं साधं होतं. माणूस पडल्याने मरत नाही, एकदम थांबल्याने मरतो. थांबायला थोडी जागा आणि थोडा वेळ मिळाला, धक्का अंगभर वाटला गेला, तर तो वाचतो. त्यापुढचं सगळं सुरक्षाशास्त्र या एका विचाराचा विस्तार आहे.

दुसरे जॉन पॉल स्टॅप, हवाई दलातले डॉक्टर. माणूस गुरुत्वाच्या अठरा पटींहून जास्त धक्का सहन करू शकत नाही, असं तेव्हा धरून चालत. स्टॅप स्वतः रॉकेट लावलेल्या घसरगाडीवर बसले. एकदा नव्हे, अनेकदा. मनगटं मोडली, फासळ्या मोडल्या, दातांत भरलेलं चांदी-सिमेंट निखळलं. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन तळावर त्यांची घसरगाडी ताशी हजार किलोमीटरच्या वर गेली आणि दीड सेकंदाच्या आत थांबली. धक्का होता गुरुत्वाच्या शेहेचाळीस पट. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेनासं झालं. पण ते जगले, आणि नीट बांधलेला माणूस किती सोसू शकतो हे सिद्ध झालं. विमान पडून जेवढे वैमानिक जातात त्याहून जास्त मोटार अपघातात जातात, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते मोटारीकडे वळले. त्यांच्या नावाची मोटार-अपघात संशोधन परिषद १९५५ पासून भरते आहे.

तिसऱ्या पूर्वजांची नावं सांगता येत नाहीत. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात १९३९ पासून देहदान केलेल्यांच्या शरीरांवर प्रयोग झाले. कवटीला किती वेळात किती धक्का बसला की ती तडकते, याचा आलेख तिथे निघाला. आज डोक्याच्या इजेसाठी जो अंक काढतात त्याचं मूळ त्या आलेखात आहे. तिथले प्राध्यापक लॉरेन्स पॅट्रिक यांनी मृतदेहांवरच भागवलं नाही. ते स्वतः सुमारे चारशे वेळा घसरगाडीवर बसले, छातीवर दहा किलोचा लंबक घेतला. काही प्रयोगांत प्राणीही वापरले गेले. हे वाचताना अंगावर काटा येतो आणि तो यावा. रंग फासलेल्या त्या पुतळ्याच्या छातीत जो आकडा उमटतो, त्याचा अर्थ लावणारी किल्ली या शरीरांनी दिली आहे.

गाडीची स्वतःची कथा थोडक्यात. भिंतीवर गाडी आदळवून पाहण्याची चाचणी जनरल मोटर्सने १९३४ साली मिलफर्डच्या आपल्या आवारात केली. पण खरी कलाटणी दिली मर्सिडीजच्या बेला बारेन्यी यांनी. पुढचा आणि मागचा भाग चुरगळू द्यायचा, माणसं बसतात तो मधला पिंजरा घट्ट ठेवायचा, ही त्यांची कल्पना १९५९च्या मर्सिडीजमध्ये प्रत्यक्षात आली. आपल्याकडे अजूनही गाडी घेताना बॉनेटवर टकटक करून पत्रा पाहतात, दार लावल्यावर ‘धप्प’ आवाज आला की समाधान मानतात. “जुन्या गाड्या बघा, नुसतं लोखंड होतं,” हे वाक्य प्रत्येक घरातल्या एका काकांच्या तोंडी असतं. त्या काकांसाठी अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००९ साली १९५९ची शेवरले बेल एअर आणि २००९ची शेवरले मालिबू समोरासमोर आदळवली. जुन्या गाडीचा पिंजरा कोसळला. तिच्यातला चालक खरा असता तर वाचला नसता. नवीतल्याच्या फक्त पायाला इजा झाली असती. पुढचा पत्रा चुरगळतो, कारण थांबायला लागणारी ती थोडी जागा तो देतो. डीहेवनच्या अंड्याखालचं रबर तेच.

तारे मागाहून आले. मोटारी किती असुरक्षित आहेत हे सांगणाऱ्या राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने १९६५ साली अमेरिकेत खळबळ उडवली आणि पुढच्याच वर्षी वाहन-सुरक्षेचा कायदा झाला. १९७९ पासून अमेरिकी सरकार ग्राहकांसाठी चाचण्यांचे निकाल देऊ लागलं. युरोपची संस्था युरो एनकॅप हिने १९९७ साली पहिले निकाल दिले, तेव्हा कंपन्यांनी कुरकुर केली. पण त्याच वर्षी एका गाडीला चार तारे मिळाले, २००१ साली रेनॉ लगूनाला पाच.

भारतात हा आरसा २०१४च्या जानेवारीत समोर आला. ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडच्या पाच खपाऊ गाड्या तपासल्या आणि अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो या पाचही शून्यावर गेल्या. त्याच पोलोला एअरबॅग लावल्यावर चार तारे मिळाले. म्हणजे कंपन्यांना करता येत होतं, आपण मागत नव्हतो. मग २०१७च्या ऑक्टोबरपासून नव्या मॉडेलना समोरच्या आणि बाजूच्या टकरीची चाचणी देणं सक्तीचं झालं. २०१८च्या डिसेंबरात टाटांच्या नेक्सॉनने पाच तारे मिळवले. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत, भारतात बनून भारतातच विकल्या जाणाऱ्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळत होते, आणि ही गाडी आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावची. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची ‘भारत एनकॅप’ सुरू झाली. चाचणी अजून ऐच्छिक आहे, पण गिऱ्हाईक आता तारे विचारतं. हा बदल मी माझ्या डोळ्यांसमोर होताना पाहिला आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

एक गोष्ट मात्र खुपते. या घराण्यात बाई फार उशिरा आली. हायब्रिड थ्री हा मध्यम बांध्याचा पुरुष. बाई म्हणून जो पुतळा वापरात आला तो त्याचीच लहान आवृत्ती, पाच फूट उंच आणि पन्नास किलोच्या आतबाहेर. म्हणजे सर्वांत लहानखुऱ्या बायकांपैकी एक. सर्वसाधारण बांध्याची बाई त्यात कुठेच नव्हती. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०११ साली दाखवलं की बेल्ट लावलेल्या बाई चालकाला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषापेक्षा ४७ टक्के जास्त आहे. स्वीडनमध्ये अ‍ॅस्ट्रिड लिंडर यांच्या गटाने १६२ सेंटिमीटर, ६२ किलोचा बाईचा पुतळा २०२२ साली पुढे आणला. अर्ध्या जगाच्या जागी बसणारं कुणी नव्हतं, हे लक्षात यायला एवढी वर्षं लागली.

आपल्या चाचणीत मागच्या सीटवर दोन लहान पुतळे असतात, दीड वर्षाचा आणि तीन वर्षांचा, आपापल्या चाइल्ड सीटमध्ये बांधलेले. आपल्या गाडीत मात्र तेवढंच मूल पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर असतं. ताशी ५० किलोमीटरवरून गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात थांबली, तर दहा किलोचं मूल त्या क्षणी हातांना दीडशे किलोच्या आसपास भासतं. कुणाही आईचे हात तेवढं धरू शकत नाहीत.

आणि मोठी माणसं मागे बसली की बेल्ट लावतच नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी, सुरक्षित म्हणून नावाजलेली. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे दगावले, आणि मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. त्या वर्षभरात देशात बेल्ट न लावता १६,७१५ माणसं मेली, हा सरकारी आकडा आहे. त्यांतले जवळजवळ निम्मे गाडी चालवत नव्हते, नुसते बसले होते.

परवा एका नातेवाइकांच्या नव्या गाडीत मागे बसलो. पट्टा ओढला, पण खाच सापडेना. शोरूममधून निघतानाच हौसेने घातलेल्या सीट कव्हरखाली तिन्ही बकलं दडपून गेली होती. कव्हर उचकटून हात घातला, बोटं सोलली, तेव्हा ती बाहेर आली. तुमच्याही गाडीत तशीच असतील. येत्या रविवारी गाडी धुवायला काढाल तेव्हा तेवढं कव्हर कात्रीने कापून ती बकलं वर काढून ठेवा.