जुलाब: गुलाबपाण्यापासून चार लिटर पाण्यापर्यंत

'जुलाब' हा शब्द चारचौघांत उच्चारायला आपण कचरतो. त्याचे मूळ मात्र सुगंधी आहे. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. अरबी लिपीत 'ग' नाही, म्हणून तिथे गुलाबचा 'जुलाब' झाला आणि गुलाबपाण्याच्या गोड सरबताला ते नाव पडले. कडू रेचक औषध अशा सरबतातून देण्याची हकिमांची रीत होती. पुढे उर्दूत आणि मराठीत सरबत मागे राहिले आणि नाव परिणामाला चिकटले.

हे आठवायचे कारण म्हणजे आपल्याकडच्या दोन सवयी. पोट साफ होत नाही म्हणून सना, म्हणजे सोनामुखी, वर्षानुवर्षे रोज रात्री घेणारे लोक प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्याच लोकांना डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी सांगितली की 'ते चार लिटर पाणी' नको म्हणून ते तपासणी टाळतात. सना सुन्नत आहे, ते पाणी विलायती, असा एक भाबडा युक्तिवादही कानावर येतो.

तिरमिजींच्या हदीससंग्रहातला सनाचा प्रसंग अनेकांना ठाऊक आहे. पण तो अर्धाच सांगितला जातो. प्रेषित मुहम्मद (स.) हजरत अस्मा बिन्त उमैस (रजि.) यांना विचारतात, पोटासाठी तू काय घेतेस? त्या शुब्रुमचे नाव घेतात. ही फार तीव्र वनस्पती. ती जहाल असल्याचे त्यांना सांगितले जाते. त्यानंतर त्या सना घेतात आणि मग सनाची तारीफ येते. मला यात दोन औषधांची तुलना दिसते: जास्त जोरदार कोणते, यापेक्षा कमी त्रासात काम करणारे कोणते?

बगदादचे हकीम युहन्ना इब्न मासवैह (मृत्यू ८५७) यांनी तर रेचक औषधांचे दोष कसे घालवावेत यावरच लिहिले. ते स्वतः ख्रिस्ती होते, पण ही विद्या सगळ्यांची होती. सनाने मुरडा येतो, म्हणून सोबत गुलाबपाकळ्या किंवा बदामतेल द्यायचे, ही युनानीतली 'इस्लाह'. हकीम आणखी एक फरक काटेकोरपणे करत. 'मुलय्यिन' म्हणजे मळ मऊ करणारे, जसे गुलकंद. 'मुसहिल' म्हणजे कोठा रिकामा करणारे. मुसहिल थेट देत नसत. आधी काही दिवस 'मुंजिज' देऊन शरीर तयार करायचे, मग मुसहिल, मग थंडावा देणारी 'तबरीद'. चार अखलातांचा सिद्धांत आज कोणी वैद्यकशास्त्र म्हणून मानत नाही; पण रोजची बद्धकोष्ठता आणि एकदाच कोठा धुऊन काढणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्यांना पक्के कळले होते.

दुसऱ्या कामाला नवे महत्त्व आले ते १९६९ नंतर. न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी दुर्बिणीतून मोठ्या आतड्यातल्या गाठी पोट न फाडता काढायला सुरुवात केली. त्यासाठी आतडे अगदी स्वच्छ हवे, कारण मळाखाली दडलेली गाठ सुटली तर पुढे तिचाच कर्करोग होऊ शकतो. सुरुवातीला दोन-तीन दिवस पातळ आहार, मग एरंडेल किंवा सना, वर एनिमा. रुग्ण थकून जायचा. मग मॅनिटॉल ही न पचणारी साखर आली. प्यायला सोपी, पण आतड्यातले जंतू ती आंबवून हायड्रोजन तयार करतात. गाठ कापायला विजेची तार लावली आणि आत स्फोट होऊन रुग्ण दगावला, अशी घटना १९७९ मध्ये फ्रान्समधून नोंदली गेली.

१९८० मध्ये अमेरिकेत डॅलसच्या जॉन फोर्डट्रान आणि सहकाऱ्यांनी जे पाणी बनवले, तेच आपले बदनाम चार लिटर. त्यातले पॉलिएथिलीन ग्लायकोल आतड्यात शोषले जात नाही, जंतू ते आंबवत नाहीत, आणि आपले पाणी ते धरून ठेवते. क्षार असे मोजून घातले की शरीरातून पाणी फारसे जातही नाही आणि येतही नाही. त्यातला मुख्य क्षार सोडियम सल्फेट, म्हणजे सतराव्या शतकातल्या ग्लाउबरने 'अद्भुत मीठ' म्हणून नावाजलेले जुने रेचक!

चव मात्र वाईटच. म्हणून थोडक्यात काम भागवणारे सोडियम फॉस्फेट लोकप्रिय झाले. काही रुग्णांच्या मूत्रपिंडात त्याचे खडे साचून ती निकामी होऊ लागली आणि डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कडक इशारा दिला. सोयीची किंमत वृद्धांनी आणि आधीच मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांनी मोजली. आता बऱ्याच ठिकाणी दोन लिटरचे मिश्रण चालते. अर्धे आदल्या संध्याकाळी, अर्धे तपासणीच्या पहाटे. विभागून घेतले की आतडे जास्त स्वच्छ राहते, कारण रात्रभरात लहान आतड्यातून उतरलेला चिकट द्रव सकाळचा हप्ता धुऊन नेतो. पहाटेचा हप्ता कंटाळून सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तेच पॉलिएथिलीन ग्लायकोल सतरा ग्रॅमच्या मात्रेत, पाण्यात विरघळवून, रोजच्या बद्धकोष्ठतेवरही देतात. तिथे ते हकिमांच्या भाषेत मुलय्यिन ठरते. ईसबगोलही त्याच पंक्तीतले. घोड्याच्या कानासारखे बी, म्हणून फारसीत अस्प-गोल. सना मुसहिलच. २०२० च्या साथीत पाकिस्तानात करोनावर इलाज म्हणून तिची झुंबड उडाली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना सांगावे लागले की जुलाबाने अंगातले पाणी जाते, विषाणू नाही.

आणि अनेक वर्षे रोज सना घेणाऱ्याचे आतडे दुर्बिणीतून पाहिले तर पुष्कळदा ते आतून तपकिरी-काळे दिसते. क्रूव्हेल्ये या फ्रेंच वैद्याने असे काळे आतडे १८२९ मध्येच वर्णिले होते. हा रंग सहसा निरुपद्रवी असतो आणि सना बंद केल्यावर काही महिन्यांत फिकट होत जातो. पण शौचातून रक्त जात असेल, किंवा पन्नाशीच्या आसपास पोटाची सवय अचानक बदलली असेल, तर सनाची मात्रा वाढवत बसू नये. आधी ती दुर्बीण आत जाऊ द्यावी.