बडोद्याची कुस्ती : जोड लावणाऱ्यांचा इतिहास

कुस्तीची जोड कोणाशी लावायची, इनाम किती ठेवायचे आणि निकाल कशावर मानायचा, हे ठरवणारा माणूस स्वतः मातीत उतरत नाही. तरी कुस्तीचे स्वरूप बहुतांशी त्याच्याच हातून घडते. मराठी मुलखात हे काम गावोगावच्या यात्रा कमिट्या, तालमींचे वस्ताद आणि एकेकाळी संस्थानिक करीत आले. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीत ते करणाऱ्याला 'बुकर' म्हणतात. तेथे जोडीबरोबर निकालही आधीच ठरतो, हा मोठा फरक. आपल्याकडे असा निकाल ठरवून केलेल्या कुस्तीला 'नुरा कुस्ती' म्हणतात आणि शौकिनांच्या तोंडी तो शब्द शिवीसारखाच येतो.

गायकवाडांच्या बडोद्याने जोड लावणाऱ्यांचे अनेक प्रकार पाहिले. करमणुकीसाठी झुंजी लावणारे राजे, व्यायामाला शिक्षण मानणारा राजा, विद्यार्थी घडवणारे वस्ताद आणि अखेरीस दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून आलेले परदेशी बुकर, अशी ही परंपरा आहे. यांपैकी कोणी काय राखले आणि कोणाच्या हातून काय निसटले, हे पाहिले तर भारतीय कुस्तीच्या दीडशे वर्षांचा एक चांगला छेद हाती येतो.

आगड आणि साठमारी

खंडेराव गायकवाड (राज्यकाळ १८५६ ते १८७०) यांच्या काळात बडोद्याचे 'आगड', म्हणजे झुंजीचे बंदिस्त मैदान, देशोदेशीच्या पाहुण्यांना दाखवले जाई. तेथे हत्तींच्या झुंजी होत. चवताळलेल्या हत्तीला माणसांनी हुलकावण्या देण्याच्या खेळाला 'साठमारी' म्हणत. खेळ गेला, पण हा शब्द मराठी वृत्तपत्रांत राजकीय चढाओढीच्या बातम्यांपुरता जिवंत राहिला. न्यायालयीन बंदीपूर्वी शेतांतून भरणाऱ्या धिरयो ज्यांनी पाहिल्या आहेत, त्या गोमंतकीय वाचकाला आगडाच्या कडेने उसळणाऱ्या गर्दीची कल्पना सहज येईल. गोव्यातील धिरयो गावाची होती, बडोद्याचे आगड मात्र सर्वस्वी राजाचे होते.

फ्रेंच प्रवासी लुई रूसेले १८६४ मध्ये खंडेरावांचा पाहुणा होता. पुढे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हत्तींच्या झुंजींबरोबर माणसांच्या एका भीषण द्वंद्वाचे वर्णन आहे. मुठीत नख्यांसारखे शस्त्र धरून दोन मल्ल एकमेकांना रक्तबंबाळ करीत आणि विजेत्याला राजाकडून बक्षीस मिळे. पूर्वी पोलादी असणारे हे शस्त्र आपल्या काळी शिंगाचे झाले आहे, असे तो नोंदवतो. या द्वंद्वप्रकाराचे शास्त्रीय नाव 'वज्रमुष्टी'. रूसेलेच्या लेखनात कुतूहल आहे तसा उबगही आहे. बडोद्याच्या मैदानाबद्दल एका प्रेक्षकाने सविस्तर लिहून ठेवलेल्या आरंभीच्या अभिप्रायांपैकी हा एक, म्हणून त्याचे मोल वेगळे.

ज्येष्ठीमल्ल आणि 'मल्लपुराण'

वज्रमुष्टी हे ज्येष्ठीमल्लांचे कुलपरंपरागत कौशल्य. हा समाज मूळचा उत्तर गुजरातेतील मोढेरा परिसराचा. लिंबजा देवी ही त्यांची कुलदेवता आणि कृष्णापासून आपल्याला मल्लविद्या मिळाली ही त्यांची श्रद्धा. राजाश्रयाच्या शोधात त्यांची कुटुंबे बडोदे, हैदराबाद, म्हैसूर अशा दरबारांत पसरली. म्हैसूरला ते 'जेट्टी' म्हणून ओळखले जातात. तेथील राजवाड्यात दसऱ्याला वज्रमुष्टीचे द्वंद्व अजूनही होते, मात्र रक्ताचा पहिला थेंब दिसताच ते थांबवले जाते. म्हैसुरात खेळाला धार्मिक विधीचा आधार मिळाला. बडोद्यात तो राजाच्या हौसेवर उभा होता, म्हणून ती हौस सरली तसा तोही सरला.

या समाजाचा संस्कृत ग्रंथ 'मल्लपुराण' मात्र बडोद्यानेच जगापुढे आणला. भोगीलाल सांडेसरा आणि रमणलाल मेहता यांनी संपादित केलेली त्याची आवृत्ती १९६४ मध्ये प्राच्यविद्या मंदिराच्या 'गायकवाड ओरिएंटल सिरीज'मध्ये प्रसिद्ध झाली. मल्लांचे प्रकार, आखाड्याची रचना, व्यायामाचे भेद, डावपेच आणि ऋतुमानानुसार आहार असे विषय त्यात येतात. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' हा ग्रंथही याच मालेत छापला गेला. त्यातील 'मल्लविनोद' या प्रकरणात वय, देह आणि बळ यांनुसार मल्लांचे वर्ग सांगितले आहेत. जोड तुल्यबळांचीच लागावी, हा आजचा वजनगटांचा नियम ज्या विचारावर उभा आहे, त्याचे बीज या जुन्या वर्गवारीत दिसते.

सयाजीरावांचा बदल

मल्हाररावांना पदच्युत केल्यानंतर १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक मुलगा दत्तक होऊन बडोद्याच्या गादीवर आला. हेच सयाजीराव गायकवाड तिसरे. १८८१ मध्ये त्यांच्याकडे राज्याची पूर्ण सूत्रे आली आणि १९३९ पर्यंत ती राहिली. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, ग्रंथालयांचे जाळे, संग्रहालय ही त्यांची कामे सर्वपरिचित आहेत. कुस्तीकडेही त्यांनी याच दृष्टीने पाहिले. दरबारी तमाशा म्हणून तिचे महत्त्व ओसरले आणि शरीरशिक्षणाचा भाग म्हणून वाढले.

या बदलाचे केंद्र होते जुम्मादादा व्यायाम मंदिर. उस्ताद जुम्मादादा यांची ही तालीम पुढे त्यांचे शिष्य माणिकराव यांनी सांभाळली. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम यांबरोबर हाडे बसवण्याची विद्याही तेथे शिकवली जाई. मुस्लिम वस्तादाची गादी महाराष्ट्रीय शिष्याकडे यावी आणि गुरूचे नाव संस्थेला कायमचे लाभावे, हे त्या काळच्या तालमींच्या रीतीला धरूनच होते. 'राजरत्न प्रोफेसर माणिकराव' या नावाने ते ओळखले जाऊ लागले. सांघिक कवायतीला इंग्रजीऐवजी देशी भाषेतील आज्ञा देण्याच्या त्यांच्या पद्धतीला पुढे राष्ट्रीय चळवळीच्या काळात मोठे महत्त्व आले.

माणिकरावांच्या शिष्यांकडे पाहिले की त्यांच्या कामाचा आवाका कळतो. लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांनी १९०७ ते १९१० या काळात येथेच देशी व्यायामाचे धडे घेतले. गुजरातेत गावोगावी व्यायामशाळांची चळवळ नेणारे छोटुभाई आणि अंबुभाई पुराणी हे बंधूही याच परंपरेतले. माणिकरावांच्या तालमीने एखादा जगज्जेता दिला नसेल. शिक्षक मात्र पुष्कळ दिले.

या वातावरणातून मराठीतील एक असामान्य ग्रंथप्रकल्प उभा राहिला. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' बडोद्यातून प्रसिद्ध झाला. पुढे १९५० मध्ये त्यांनी त्याचे सार एका इंग्रजी ग्रंथात आणले. कुस्तीचा एकेक डाव छायाचित्रांसह नोंदवणारे इतके विस्तृत काम देशी खेळांच्या वाट्याला क्वचितच आले आहे.

गामाचा दगड

बडोद्याच्या कुस्तीचे नाव निघाले की शौकिनांची चर्चा हमखास एका दगडापाशी येते. सयाजीबागेतील बडोदा संग्रहालयात सुमारे १२०० किलो वजनाचा, अडीच फूट उंचीचा एक दगड ठेवलेला आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गुलाम मोहम्मद याने तो उचलला, असे त्यावर कोरले आहे. गुलाम मोहम्मद म्हणजेच गामा. १८७८ मध्ये जन्मलेला हा मल्ल तेव्हा चोवीस वर्षांचा होता.

येथे शौकिनांचे दोन पक्ष पडतात. एका पक्षाला शिलालेख पुरेसा वाटतो. दुसरा पक्ष आकड्यांकडे बोट दाखवतो : आधुनिक ताकदीच्या स्पर्धांत जमिनीवरून लोखंडी दांडा उचलण्याचा विक्रम २०२० मध्ये ५०१ किलोवर गेला, तेव्हा साऱ्या जगाने तोंडात बोटे घातली. त्याच्या दुपटीहून अधिक वजनाचा, पकडायला मूठ नसलेला दगड जमिनीपासून पूर्ण सुटला असेल, हे पटणे कठीण. तो कडेवर उभा केला, पेलून हलवला की काही अंतर सरकवला, यांतले नेमके काय घडले ते 'उचलला' या एका शब्दात झाकले गेले आहे. तेव्हा या दगडाकडे वजनाचा विक्रम म्हणून न पाहता एका दरबाराने एका मल्लाला दिलेले मानपत्र म्हणून पाहणे अधिक योग्य. गामाच्या थोरवीला त्याने बाधा येत नाही. ती कुस्तीच्या निकालांवर उभी आहे.

लंडन १९१० : ठेकेदाराचा प्रवेश

गामाच्या कीर्तीचा पुढला टप्पा राजाने नव्हे, ठेकेदाराने घडवला. आर. बी. बेंजामिन याने १९१० मध्ये गामा, त्याचा भाऊ इमामबक्ष आणि अन्य मल्लांना इंग्लंडला नेले. उंची कमी म्हणून गामाला स्पर्धेत प्रवेश नाकारण्यात आला. तेव्हा कोणत्याही वजनाच्या तीन मल्लांना अर्ध्या तासात पाडण्याचे जाहीर आव्हान देण्यात आले. आरंभी लोकांना ती निव्वळ जाहिरात वाटली. अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला गामाने दोनदा चीत केले, पहिल्यांदा तर अवघ्या १ मिनिट ४० सेकंदांत. मग हसणारे गप्प झाले.

१० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी लढत झाली. झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ बहुतांशी गादीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्यानंतर फेरलढतीला तो आलाच नाही, म्हणून 'जॉन बुल' पट्टा गामाला मिळाला. प्रेक्षकांच्या दृष्टीने ती कंटाळवाणी कुस्ती होती, पण तिच्या खरेपणाचा पुरावाही त्या कंटाळ्यातच आहे. निकाल ठरवणारा बुकर असता तर तिकीट काढून आलेल्या लोकांना त्याने अडीच तास असे बसवले नसते. १९२८ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी हीच जोड पुन्हा लावली. या वेळी गामाने झिबिस्कोला मिनिटभराच्या आत आस्मान दाखवले.

नव्वदचे दशक

१९९० नंतर केबल वाहिन्यांबरोबर अमेरिकन कुस्ती भारतीय घरांत आली. बडोद्यातील मुले काय, म्हापशातील काय, अंडरटेकर आणि ब्रेट हार्ट यांची उंची-वजने छापलेले पत्ते खेळू लागली. हे खेळ ठरवून होतात हे अमेरिकेत गुपित राहिलेले नव्हते. क्रीडा नियंत्रणातून सूट मिळावी म्हणून कंपनीनेच १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्यापुढे ही करमणूक असल्याचे मान्य केले होते.

तेथून पुढे शौकिनांच्या वादाचा विषयही बदलला. कोणता मल्ल बलवान, यापेक्षा कोणता बुकर कुशल, याची चर्चा होऊ लागली. १९९६ मध्ये हल्क होगनसारख्या लाडक्या नायकाला एका रात्रीत खलनायक करणारी एरिक बिशॉफ यांची कल्पना अनेकांना दशकातली सर्वांत धाडसी वाटते. छोट्या सभागृहांतून रांगडा खेळ उभा करणारे पॉल हेमन हे इतरांचे आवडते. ९ नोव्हेंबर १९९७ रोजी माँट्रियल येथे ब्रेट हार्ट आणि शॉन मायकल्स यांच्या लढतीत मालक विन्स मॅकमॅहन यांनी हार्टला अंधारात ठेवून घंटा वाजवायला लावली. ठरवलेल्या खेळातही शब्द पाळण्याची एक नीती असते, हे प्रेक्षकांना त्या दिवशी कळले. जोड लावणारा पडद्याआडून बाहेर आला आणि पुढे तोच खेळातला मुख्य खलनायक झाला.

बडोदे आणि कोल्हापूर

बडोद्याचे मूल्यमापन करताना कोल्हापूरशी तुलना टळत नाही. शाहू महाराजांची सासुरवाडी बडोद्याची होती आणि सयाजीराव हे त्यांचे ज्येष्ठ समकालीन. दोघांनीही कुस्तीला हात दिला, पण निरनिराळ्या रीतीने. शाहूंनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले आणि देशभरातील मल्लांना कोल्हापुरात आणले. बडोद्याने तालीम, शिक्षक आणि ग्रंथ यांवर भर दिला.

दोन्ही वाटांचे फळ समोर आहे. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि राजाश्रय संपला. विलीनीकरण कोल्हापूरचेही झाले, पण तेथे मैदान आणि हलगीवर जीव टाकणारा शौकीन मागे उरला होता. काटा जोड लागली की तिकीट खपत होते आणि पैलवानाचा खुराक निघत होता. बडोद्यात डाव पुस्तकात सुखरूप राहिले, पण ते करणाऱ्या मल्लांना पोसणारी गर्दी तेथे तयार झाली नाही. आगडाच्या काळात गर्दी होती, पण तिने विद्या राखली नाही. माणिकरावांच्या काळात विद्या राखली गेली, पण गर्दी पांगली. जुम्मादादा व्यायाम मंदिराचा वारसा, 'मल्लपुराणा'ची छापील प्रत आणि संग्रहालयातला तो दगड या बडोद्याच्या तीन खुणा. त्यांतली पहिली शिष्य येत राहतील तोवरच जिवंत राहील. उरलेल्या दोघींना जपायला कपाट आणि पहारेकरी पुरेसे आहेत.