मॉर्फीन, वेदना आणि एक दुतोंडी वायू

आजचा भाग केमिस्ट्रीचा आहे, पण लगेच स्किप करू नका.

1870 साल, इंग्लंड. मॉर्फीनचं इंजेक्शन तेव्हा तसं नवीन, आणि डॉक्टर ते सढळ हाताने टोचायचे. लीड्सच्या क्लिफर्ड ऑलबट या डॉक्टरच्या लक्षात आलं, की काही पेशंट सारखं इंजेक्शन घेतात तरी दुखणं हटत नाही. मग हे औषधच तर दुखणं जागं ठेवत नाही ना? ही शंका त्याने छापली. उत्तर त्याच्या हयातीत काही मिळालं नाही.

त्या उत्तराचा एक धागा जातो नायट्रिक ऑक्साइडकडे. हो, गाडीच्या धुरातला तोच. आपलं शरीर हा वायू निरोप पाठवायला स्वतः बनवतं, हे 1980च्या दशकात कळलं. (1998चं नोबेल त्यावरच.)

आता ब्राझील. तिथल्या एका विषारी सापाच्या विषावर सर्जिओ फेरेरा यांनी जे काम केलं, त्यातूनच पुढे बीपीचं कॅप्टोप्रिल आलं. त्याच फेरेरांच्या टीमने उंदराच्या हुळहुळ्या झालेल्या पंजातच मॉर्फीन टोचलं. दुखणं उतरलं. मग नायट्रिक ऑक्साइड बनणं बंद केलं, तर मॉर्फीनचा असर गायब! हे 1991 मध्ये छापून आलं. म्हणजे पंजात हा वायू मॉर्फीनचा मदतनीस.

मज्जारज्जूत मात्र सगळं उलटं. तिथे वेदनेचा मारा चालू राहिला की एनएमडीए नावाचं दार उघडतं, कॅल्शियम आत शिरतं, नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि नसा इतक्या चाळवतात की साधा स्पर्शही झोंबतो. 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या पास्टरनाक यांच्या टीमने उंदरांना मॉर्फीनसोबत हा वायू अडवणारं औषध दिलं, तर मॉर्फीनची सवय जडलीच नाही. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, व्हेरिएबल एकच पण दोन फंक्शनमध्ये अर्थ वेगळा. असले बग शोधताना रात्र जाते, यांची तर दशकं गेली.

याचा उपयोग काय? ‘डोस वाढवला तरी जास्तच दुखतंय’ म्हणणाऱ्या पेशंटला लोक चटकन व्यसनी ठरवतात. मला हे फार अन्यायाचं वाटतं, कारण कधीकधी त्याच्या नसाच खरंच जास्त ओरडत असतात. (मनाने गोळ्या बंद करू नका हं, कॅन्सरच्या दुखण्यात मॉर्फीनसारखा आधार नाही.)

मग तो वायूच का नाही बंद करायचा? कारण रक्तवाहिन्या सैल ठेवायलाही तोच लागतो, सरसकट अडवला तर बीपी चढतं. म्हणून डॉक्टर मॉर्फीनचा डोस उतरवतात, औषध बदलून बघतात, किंवा केटामिन देऊन ते एनएमडीएचं दारच अडवतात.