मोटारीचा दोष आणि तिचा दुसरा मालक

फाउंड्रीत काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. भट्टीतून एका वेळी निघालेल्या लोखंडाच्या रसात काही बिघाड असला, तर त्या रसातून ओतलेला एखादाच नग वाईट निघेल असे नाही. त्या रसाचे सगळेच नग संशयास्पद ठरतात. म्हणूनच चांगल्या फाउंड्रीत नगांना 'हीट नंबर' असतो. एक नग फुटला की तो नंबर पाहावयाचा आणि त्याच नंबरचे बाकीचे नग कोठे गेले त्याचा शोध घ्यावयाचा. बेळगाव हे ओतकामाचे प्रसिद्ध केंद्र आहे. शहराच्या वेशीला लागून असलेल्या कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द यांसारख्या गावांतील घरांना हा धंदा परका नाही. मोटारीचा कारखानदार विकून टाकलेल्या गाड्या परत बोलावतो, तो ह्याच न्यायाने. ह्या प्रकाराला आता 'रिकॉल' हेच नाव रूढ झाले आहे. हीट नंबरच्या जागी तेथे चासी नंबर असतो, एवढाच फरक.

आणखीही एक फरक आहे आणि तो लहान नाही. फाउंड्रीच्या वहीत गिऱ्हाइकाचे नाव असते आणि ते गिऱ्हाईक बदलत नाही. मोटारीचा मालक मात्र बदलतो. विशेषतः लहान मोटार तीन-चार घरे फिरते, आणि खेडेगावातल्या कुटुंबाची पहिली गाडी ही बहुधा दुसऱ्या कोणाची तरी जुनी गाडी असते. दोषाची बातमी ह्या शेवटच्या मालकापर्यंत कशी पोहोचावयाची, हा प्रश्न पुरता सुटलेला नाही.

यंत्र विकणारा आणि यंत्र दुरुस्त करणारा एकच, अशी स्थिती ह्या भागाने पूर्वी पाहिली आहे. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर येथेच बनविले, आणि १९१० साली कारखाना कुंडलजवळच्या माळावर गेला. बेळगावात सायकल विकत घेणारा आणि ती विकणारा ह्यांच्यामध्ये काही गल्ल्यांचेच अंतर होते. दोष निघाला तर तक्रार कोणापाशी करावयाची हे विचारावे लागत नसे.

मोटार आली ती लांबून. वालचंद हिराचंद ह्या सोलापूरच्या उद्योगपतींनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. १९५४ पासून तेथे फियाट अकराशे ही गाडी होऊ लागली. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या खांबावर गिअरचा दांडा, असा हिचा घाट. हीच गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी ह्या नावाने चालली आणि शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या टॅक्सीतळांवरून तर ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली. श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरच्या लग्नाची वरात ह्याच गाडीतून निघालेली असेल.

ह्या गाडीचा काळ हा टंचाईचा काळ होता. मोटारींच्या वाटपावर १९५९ च्या आदेशाने सरकारी नियंत्रण आले. नवी गाडी मिळावयास वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे जुन्या गाडीला मोठा मान होता. गिऱ्हाईक रांगेत उभे असताना कारखानदार आपल्या मालातले दोष आपण होऊन कशाला सांगेल? तथापि त्या काळी त्यावाचून फारसे अडतही नसे. फियाटचे दोष उघडे होते. आंबोली घाट चढताना रेडिएटरचे पाणी उकळले तर वाफ दिसे. कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला, पॉइंट जळाले, पाट्याचे पान मोडले, तर कोल्हापूरच्या, निपाणीच्या किंवा बेळगावच्या मिस्त्रीला ते कान लावून अथवा हात फिरवून कळे. दोष गाडीत असे आणि त्याचे ज्ञान गाडीशेजारी उभ्या असलेल्या माणसात असे. गाडी कितीही हात बदलून आली तरी नवा मालक तिला त्याच मिस्त्रीकडे नेई, आणि मिस्त्री मालकापेक्षा गाडीलाच अधिक ओळखी. ही व्यवस्था सुरक्षित होती असे मात्र म्हणता येणार नाही. पट्टे नाहीत, हवेच्या पिशव्या नाहीत, समोरून धडक बसली तर स्टिअरिंगचा खांब छातीवर येणार. पण जे धोके होते ते डोळ्यांसमोर होते.

अमेरिकेत ह्याच सुमारास वेगळा विचार सुरू झाला होता. १९६५ साली राल्फ नेडर ह्या तरुण वकिलाने मोटारींच्या सुरक्षिततेवर एक पुस्तक लिहून कारखानदारांना जाब विचारला. शेव्हरले कंपनीच्या कॉर्वेअर ह्या लहान गाडीवर त्याचा विशेष रोख होता. अपघात झाला की चालकाला दोष देण्याची जी रीत होती ती त्याने उलटी केली आणि गाडीच्या रचनेतच दोष असू शकतो हे दाखविले. १९६६ साली तेथे कायदा झाला आणि गाडीतील दोष मालकांना कळविण्याचे बंधन कारखानदारांवर आले. १९७८ साली फोर्ड कंपनीने पिंटो ह्या लहान गाडीच्या जातीतील सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या; मागून धडक बसली की त्यांची पेट्रोलची टाकी फुटून पेट घेत असे. ह्यात एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. टाकी फुटेपर्यंत पिंटोच्या मालकाला काहीही दिसण्यासारखे नव्हते. कोणत्याही मिस्त्रीने कान लावला असता तरी त्याला काही ऐकू आले नसते.

भारतात नवे पर्व उघडले ते १४ डिसेंबर १९८३ रोजी, मारुती ८०० ची पहिली किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती पडली तेव्हा. ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन असलेली ही गाडी जानेवारी २०१४ पर्यंत बनत राहिली आणि २७ लाखांवर खपली. तिने मध्यमवर्गाला एक नवा शब्द दिला, तो म्हणजे भरवसा. पहाटे किल्ली फिरवली की गाडी सुरू होणार, वाटेत दगा देणार नाही, आणि दहा वर्षांनी विकली तरी दोन पैसे येणार. हा भरवसा खोटा नव्हता. पण तो एकाच अर्थाचा भरवसा होता. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप ह्या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले, तेव्हा आल्टो ८०० आणि नॅनो ह्यांच्यासह पाचही गाड्यांना प्रौढांच्या बचावासाठी शून्य तारे मिळाले. रोज सुरू होणारी गाडी आणि धडकेत वाचविणारी गाडी ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी कित्येकांना प्रथम कळले. चालकासाठी हवेची पिशवी सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून; त्याआधीच्या पुष्कळ लहान गाड्या आजही तिच्यावाचून हिंडत आहेत.

गाड्या जाहीरपणे परत बोलावण्याची सवय आपल्या कारखानदारांना उशिरा लागली. फेब्रुवारी २०१० मध्ये मारुती कंपनीने ए-स्टार ह्या गाडीच्या सुमारे १ लाख प्रती पेट्रोल गळण्याच्या शक्यतेमुळे तपासणीसाठी बोलावल्या. त्याच वर्षी नॅनोच्या काही गाड्यांनी पेट घेतला. टाटा कंपनीच्या चौकशीत गाडीच्या रचनेत दोष आढळला नाही. बाहेरून जोडलेली विजेची उपकरणे किंवा एक्झॉस्टवर पडलेली वस्तू ही कारणे सांगण्यात आली. नोव्हेंबरमध्ये सर्व मालकांना एक्झॉस्ट आणि विजेच्या जोडण्या ह्यांसाठी जादा संरक्षण विनामूल्य बसवून देण्याचे कंपनीने जाहीर केले. गाड्या सुमारे ७० हजार होत्या. हे 'रिकॉल' नव्हे, असे मात्र कंपनीने आवर्जून सांगितले. शब्दाची एवढी भीती का वाटावी? गाडी परत बोलावली म्हणजे गाडी वाईट, अशी गिऱ्हाइकाची समजूत होती आणि ती अजून पुरती गेलेली नाही. वस्तुतः जी कंपनी दोष सांगत नाही तिची गाडी निर्दोष असते, असे मानण्यास काहीच आधार नाही.

२०१२ साली वाहन उत्पादकांच्या 'सियाम' ह्या संघटनेने स्वेच्छेने पाळावयाची नियमावली केली, आणि २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने सरकारला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. आदेश देऊन गाड्या बोलावण्याची पाळी सरकारवर आली तर कारखानदाराला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपण होऊन दोष कळविणाऱ्याला तो नाही. तरतूद शहाणपणाची आहे. परंतु ह्या नियमांत वाहनाचे वय ७ वर्षांपेक्षा कमी असावे अशी अट आहे. लहान मोटार शहरातल्या पहिल्या मालकाकडून सुटून खेड्यातल्या अंगणात येते ती बहुधा ह्याच वयाच्या आसपास. कायद्याचे छत्र संपते आणि नव्या मालकाची मालकी सुरू होते, अशी ही विलक्षण सांधेजोड आहे.

सगळेच दोष कोवळ्या वयात उघडकीस येत नाहीत. मारुतीने जुलै २०२० मध्ये वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या पेट्रोल पंपाच्या संशयावरून बोलावल्या, तेव्हा त्या सर्व गाड्या दोन वर्षांच्या आतल्या होत्या. असे दोष बहुतेक पहिल्या मालकाच्या हातीच निस्तरले जातात. उलट जपानच्या ताकाता कंपनीच्या हवेच्या पिशव्यांचा दोष वयाबरोबर वाढणारा होता. ह्या पिशव्या फुगविणाऱ्या नळकांड्यात अमोनियम नायट्रेट होते. वर्षानुवर्षे उष्णता आणि दमट हवा लागून त्याचा गुण पालटे. मग अपघाताच्या क्षणी ते नको तितक्या जोराने जळे, धातूचे नळकांडे फुटे आणि माणसाला वाचविण्यासाठी बसविलेल्या वस्तूतूनच धातूच्या चिळकांड्या त्याच्या अंगात घुसत. जगभरात सुमारे १० कोटी नळकांडी परत बोलवावी लागली आणि जून २०१७ मध्ये ताकाता कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतात होंडा कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये ह्याच कारणासाठी २०१२ साली बनलेल्या ४१,५८० गाड्या बोलावल्या. त्यांत ७,२६५ गाड्या जॅझ ह्या लहान जातीच्या होत्या. अमेरिकेत उष्ण आणि दमट किनारी राज्यांतील गाड्यांना अग्रक्रम देण्यात आला होता. गोव्यात किंवा सावंतवाडीत दहा पावसाळे काढलेली गाडी घाट चढून बेळगावच्या बाजारात येते, तेव्हा हे ध्यानात ठेवावयास हवे.

येथे सीमाभागाची एक खास अडचण आहे. १९४९ साली कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हापासून १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत कोल्हापूर, निपाणी आणि बेळगाव ही एकाच राज्यात होती. त्यानंतर मोटारीच्या कागदाला सीमा आडवी आली. आज कोल्हापूरची एमएच ०९ पासिंगची गाडी निपाणीला आली तर तिला केए २३ आणि बेळगावला आली तर केए २२ हा क्रमांक घ्यावा लागतो; दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ गाडी ठेवावयाची तर मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाने नवी नोंदणी आवश्यक आहे. त्यासाठी जुन्या कचेरीचा ना-हरकत दाखला लागतो. त्या दाखल्यासाठी गाडी चोरीची नाही ना, कर थकलेला नाही ना, कर्जाचा बोजा आहे काय, हे सारे पाहिले जाते. गाडी कारखानदाराने परत बोलावली होती काय आणि बोलावली असल्यास दुरुस्ती झाली काय, हे विचारणारा रकाना त्यात नाही. कारखानदाराच्या वहीतील पत्ता पुण्याच्या किंवा मुंबईच्या पहिल्या मालकाचा. पत्र तेथे जाते, फोन त्याला येतो, आणि तो 'गाडी केव्हाच विकली' म्हणून ठेवून देतो. गाडी तोवर कंग्राळीच्या अंगणात उभी असते.

ह्याबाबत आपणच मागासलेले आहोत असे नाही. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने भाड्याने गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपन्यांना दोष दूर केल्यावाचून गाडी देण्यास मनाई केली. पण जुन्या गाड्या विकणाऱ्यावर तसे बंधन तेथील केंद्रीय कायद्याने त्या वेळी घातले नाही. भारतात १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना अधिकृत नोंद करणे भाग पडले आणि गाडी कोणाच्या ताब्यात आहे हे सरकारला कळविण्याची सोय झाली. मधल्या काळात गाडी कोणाची, हा जुना घोळ त्यामुळे कमी व्हावा. दोषाच्या प्रश्नाला मात्र ती तरतूद हात लावीत नाही.

सुटे भागही ह्या हिशेबातून सुटत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडाने पेट्रोल पंपासाठी ९०,४६८ गाड्या बोलावल्या, तेव्हा त्यांच्याशिवाय २,२०४ जुन्या गाड्याही यादीत होत्या. त्यांना हा पंप पूर्वी दुरुस्तीच्या वेळी सुटा भाग म्हणून बसविला गेला होता. म्हणजे गाडीचे वर्ष पाहून निर्धास्त होण्याचीही सोय नाही. गाडी घेताना मिस्त्रीला दाखवून इंजिनाचा आवाज ऐकण्याची पद्धत आहे आणि ती चांगलीच आहे. त्याच वेळी आरसी बुकावरचा सतरा अक्षर-अंकांचा चासी नंबर उतरवून घ्यावा, गाडीवर कोरलेल्या नंबराशी तो ताडून पाहावा आणि कंपनीच्या कोणत्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्यावा. गाडी परत बोलावलेल्या यादीत आहे काय, हे त्यावरून कळते, आणि काम राहिलेले असल्यास ते करून घेता येते. त्यासाठी पहिला मालक असावे लागत नाही. गाडी कोणत्या राज्याच्या पासिंगची आहे, ह्याचाही तेथे प्रश्न येत नाही.