कारची बॅटरी सारखी उतरते? नवी घेण्याआधी हे तपासा

मागच्या पावसाळ्यात पहाटे पावणेपाचला बाबांचा फोन आला. आजी बाथरूममध्ये पडली होती, तिला कराडला हॉस्पिटलमध्ये नेत होते. मी पुण्यात. धावत पार्किंगमध्ये गेलो, चावी फिरवली आणि आवाज आला, टक-टक-टक-टक. डॅशबोर्डचे दिवे मंद, इंजिन ढिम्म. शेवटी स्वारगेटवरून एसटी पकडली. आजी आता काठी घेऊन का होईना, चालते. पण त्या सकाळी ऑपरेशनच्या कागदांवर सही करताना बाबा एकटेच होते, ते अजून डोक्यातून जात नाही.

वाईट याचं वाटतं की ती बॅटरी महिन्याभरापूर्वीच साडेचार हजार देऊन नवी टाकली होती. म्हणजे दोष बॅटरीचा नव्हताच! तो कसा शोधायचा, तेच आज बघू.

नक्की होतं काय?

फोन खिशात असतानाही बॅकग्राउंडला ॲप्स चालतात आणि चार्जिंग संपतं, बरोबर? गाडीचंही तसंच आहे. गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म थोडा करंट घेतच राहतात. साधारण ५० मिलीअँपिअरपर्यंत हे नॉर्मल धरतात.

आता हिशोब करा. लहान पेट्रोल गाडीत बहुधा ३५ अँपिअर-अवरच्या आसपासची बॅटरी असते. ५० मिलीअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे अर्धी बॅटरी संपायला दोन आठवडे लागतात. पण हाच करंट ३०० मिलीअँपिअर झाला, तर रोज ७.२ जातात. अडीच दिवसांत बॅटरी अर्धी!

पायरी १ : व्होल्टेज बघा

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. डीसी व्होल्टवर ठेवून लाल प्रोब प्लसला, काळी मायनसला लावा. गाडी रात्रभर उभी असावी.

- १२.६ किंवा जास्त : फुल चार्ज
- १२.४ : साधारण पाऊण
- १२.२ : साधारण अर्धी
- १२.० किंवा कमी : जवळपास रिकामी

आता इंजिन चालू करून परत बघा. १३.५ ते १४.७ च्या दरम्यान आकडा आला, तर अल्टरनेटर चार्ज करतोय. इंजिन चालू असूनही १२.५ च्या खालीच राहिला, तर आधी अल्टरनेटर आणि त्याचा बेल्ट दाखवा. नवी बॅटरी टाकून काही उपयोग नाही.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर साचली असेल किंवा क्लॅम्प हाताने हलत असेल, तर तिथेच अर्धा प्रॉब्लेम असू शकतो. साफ करून घट्ट बसवा.

पायरी २ : चोर शोधा

सगळं बंद करा, चावी बाहेर काढून स्वतःजवळ ठेवा, एक काच खाली ठेवा. बॅटरीचा मायनस क्लॅम्प काढा. मल्टिमीटरची लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये घाला, मीटर अँपिअरवर ठेवा आणि क्लॅम्प व मायनस टर्मिनल यांच्या मधे जोडा. अर्धा तास थांबा, कारण गाडीतले कंट्रोलर झोपायला वेळ घेतात.

मीटर असा जोडलेला असताना चावी अजिबात फिरवू नका. स्टार्टर शंभरहून जास्त अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज उडेल. आणि अँपिअरवर असलेल्या मीटरच्या प्रोब प्लस-मायनसला थेट लावू नका, तो शॉर्ट सर्किट होतो.

माझा आकडा आला ०.३४ अँपिअर. मग एकेक फ्यूज काढून बघत गेलो. एक काढला आणि आकडा ०.०३ वर आला. तो होता डॅशकॅमचा! पार्किंग मोड हवा म्हणून मीच हट्ट धरला होता आणि दुकानदाराने तो कायम चालू असणाऱ्या लाइनला थेट जोडला होता. व्होल्टेज कमी झालं की बंद करणारं किट लावलंच नव्हतं. वर्क फ्रॉम होममुळे गाडी चार दिवस उभी, आणि बॅटरी साफ.

डॅशकॅम नसेल तर डिकीचा दिवा, ओबीडी पोर्टला लावून ठेवलेलं ब्लूटूथ डोंगल, बाहेरून बसवलेला ॲम्प्लिफायर किंवा जीपीएस ट्रॅकर बघा.

जम्प स्टार्टचा क्रम

१. लाल : उतरलेल्या बॅटरीचा प्लस
२. लाल : चांगल्या बॅटरीचा प्लस
३. काळी : चांगल्या बॅटरीचा मायनस
४. काळी : बंद गाडीच्या इंजिनचा उघडा धातू, बॅटरीपासून लांब

शेवटची जोडणी लांब करायची, कारण तिथे ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो. काढताना क्रम उलटा. नंतर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून भागत नाही. निदान अर्धा-पाऊण तास गाडी चालवा, आणि जमलं तर चार्जरवर फुल करून घ्या.

बॅटरी कायमची काढताना आधी मायनस काढा, बसवताना मायनस शेवटी. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर केशरी केबलला हात लावू नका, सर्व्हिस सेंटरलाच न्या.

एक अजून. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण उतरणं सहन करत नाही. प्रत्येक वेळी तिची क्षमता थोडी कायमची जाते. माझी नवी बॅटरीही त्यामुळे दुबळी झालीच.

मी आता डॅशकॅम चावीबरोबर बंद होणाऱ्या लाइनला जोडलाय. आणि दर रविवारी व्होल्टेज बघतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण पहाटे फोन आला तर गाडी निघाली पाहिजे.